वाचक विचारतात : खरा बोवी कोणता?

ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या संगीताविषयी लिहावे, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांत प्रश्न थोडे आणि प्रेम फार, असा प्रकार आहे, आणि त्यात नवल नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१६ पर्यंत ज्या कलावंताने इतक्या वेळा कात टाकली, त्याच्या प्रत्येक चाहत्याला आपल्या वाट्याला आलेला बोवीच खरा वाटणार. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी बोवीची निस्सीम चाहती आहे. तिच्या आग्रहाखातर मी त्याचे बरेच संगीत ऐकले. कधी रॉक, कधी सोल, कधी नुसतेच यंत्रांचे सूर, तर कधी निव्वळ नाचाची गाणी. एक ना धड भाराभर चिंध्या, असे माझे मत झाले आहे. केसांचे रंग आणि वेशभूषा बाजूला काढली, तर या माणसाचे स्वतःचे म्हणावे असे संगीत कोणते उरते?
— एक साशंक पालक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि बोवीच्या हयातीत काही समीक्षकांनीही ती घेतली होती. वेशांतर डोळ्यांना दिसते, त्याचे छायाचित्र निघते, ते मुखपृष्ठावर छापता येते. त्यामुळे बोवी म्हटले की तांबडे केस आणि चेहऱ्यावरची विजेची रेघ आधी आठवते आणि गाणे मागाहून. माझे मत मात्र असे आहे की, वेश हा त्याच्या रूपांतराचा केवळ दर्शनी भाग होता आणि खरे रूपांतर, तो स्टुडिओत कोणाला बोलावतो, येथे घडत होते. त्याच्या अल्बमच्या वेष्टनांवरील वादकांची नावे कालक्रमाने वाचत गेले, तरी त्याचा सगळा प्रवास उलगडतो.

१९७० ते १९७३ या काळात मिक रॉन्सनची गिटार आणि त्यानेच बांधलेली तंतुवाद्यांची रचना नसती, तर ‘झिगी स्टारडस्ट’ या अल्बमचा ध्वनी तसा झालाच नसता. १९७४ मध्ये अमेरिकन सोल संगीताने झपाटल्यावर बोवी फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत गेला, गिटारवादक कार्लोस अलोमारला त्याने सोबत घेतले आणि ल्यूथर वँड्रॉस या तेव्हा फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या तरुणाला पार्श्वगायनासाठी उभे केले. पुढे प्रयोगशील संगीतकार ब्रायन ईनो आला, त्यानंतर निर्माता नाइल रॉजर्स, आणि अगदी अखेरीस डॉनी मॅकॅस्लिनचा जॅझचा संच. माणसे बदलली की संगीताची जातकुळी बदलत गेली.

अर्थात, चांगले साथीदार निवडणे म्हणजे त्यांच्या जिवावर जगणे नव्हे. १९७३ च्या ‘अलॅडिन सेन’ या अल्बमचे शीर्षकगीत घ्या. पियानोवादक माइक गार्सन हा जॅझमधून आलेला वादक होता. गाण्याच्या मध्यावर त्याने एकट्याने वाजवायचे आणि खाली बँडने जेमतेम दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आलटून पालटून धरून ठेवायचे, अशी योजना होती. गार्सनने आधी ब्लूजच्या अंगाने वाजवून पाहिले, ते बोवीला नको होते. मग लॅटिन ढंगाने वाजवले, तेही नको होते. न्यूयॉर्कच्या प्रयोगशील जॅझमध्ये वाजवतात तसे येथे वाजव, असे बोवीने सांगितले, आणि त्यानंतर गार्सनने जे वाजवले ते एकाच दमात टेपवर उतरले. ते ऐकताना पियानो मध्येच ठेचकाळतो, धावतो, खालच्या दोन कॉर्डांशी भांडतो, आणि तरीही गाणे हातातून सुटत नाही. रॉकच्या अल्बमसाठी जे दुसऱ्या कोणी मागितलेच नसते ते नेमके मागायचे, आणि मिळाल्यावर त्याला हात लावायचा नाही, ही जाण त्याची स्वतःची होती.

राहता राहिल्या चिंध्या. १९७६ च्या ‘स्टेशन टू स्टेशन’पासून १९८० च्या ‘स्केरी मॉन्स्टर्स’पर्यंतचे पाच अल्बम एकमेकांपासून कितीही दूरचे वाटले, तरी त्यांतील तालाचा पाया त्याच तिघांचा आहे : गिटारवर अलोमार, बासवर जॉर्ज मरे आणि ड्रमवर डेनिस डेव्हिस. आपल्या मुलीसोबत हे पाच अल्बम पुन्हा ऐकावेत आणि गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ डेव्हिसच्या हातांकडे लक्ष ठेवावे. चिंध्यांना जोडणारा दोरा तेथे सापडेल.

प्रश्न : मी पियानो शिकते. ‘लाइफ ऑन मार्स?’ हे गाणे माझ्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील श्वाससुद्धा पाठ आहेत, तरीही ‘मार्स’ या शब्दावर आवाज चढतो तेव्हा दर वेळी अंगावर काटा येतोच. हे गाणे ‘माय वे’वरून घेतलेले आहे, असे एका मित्राने सांगितले आणि मी खट्टू झाले. हे खरे आहे का? आणि गाणे संपल्यावर मागे घंटेसारखे काहीतरी वाजते, तो माझ्या कानांचा भास आहे का?
— पियानोची विद्यार्थिनी

उत्तर : आपले कान शाबूत आहेत, ती टेलिफोनची घंटा आहे. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत १९७१ मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना आधीच्या एका प्रयत्नात मध्येच फोन वाजला, तो प्रयत्न अर्थातच वाया गेला, पण त्याचा तुकडा टेपवर राहून गेला. अंतिम गाण्यात तंतुवाद्ये आणि नगारे विरून गेल्यावर तो तुकडा हलकेच ऐकू येऊ दिला आहे. पियानो रिक वेकमनने वाजवला आहे, आणि तो ज्या बेखश्टाइन पियानोवर वाजवला, त्याच वाद्यावर बीटल्सचे ‘हे ज्यूड’ ध्वनिमुद्रित झाले होते. हे कळल्यावर आपण पुढचे काही दिवस रियाजाऐवजी तेच गाणे वाजवत बसाल, ही जोखीम पत्करून सांगत आहे.

‘माय वे’चे म्हणाल, तर मित्राने अर्धवट सांगितले. क्लोद फ्रान्स्वाच्या एका फ्रेंच गाण्याला इंग्रजी शब्द लिहिण्याचे काम १९६८ मध्ये तरुण बोवीकडे आले होते. त्याने ते लिहिले, पण ते स्वीकारले गेले नाहीत. पुढे पॉल अँकाने त्याच चालीवर वेगळे शब्द लिहिले, फ्रँक सिनात्राने ते गायले आणि ‘माय वे’ जगभर पोहोचले. बोवीने त्याच स्वरसंगतीच्या वळणाने आपले नवे गाणे सुरू केले, अल्बमच्या वेष्टनावर ‘फ्रँकी’कडून स्फूर्ती घेतल्याची नोंदही करून टाकली, आणि मग त्या वळणावरून निघून गाणे अशा ठिकाणी नेले जेथे सिनात्राचे गाणे कधी जाणार नव्हते. चोरी लपवायची असते. येथे तर वेष्टनावरच कबुली आहे. आपण खट्टू होण्याचे कारण नाही.

प्रश्न : बोवीचे दोन डोळे दोन रंगांचे होते का? आमच्या गटात यावरून पैज लागली आहे.
— चार मैत्रिणी

उत्तर : नव्हते. दोन्ही डोळे निळेच होते. १९६२ मध्ये शाळेतील एका मुलीवरून जॉर्ज अंडरवुड या मित्राशी भांडण झाले आणि त्याचा ठोसा डाव्या डोळ्यावर बसला; त्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली, म्हणून तो डोळा गडद दिसत असे. दोघांची मैत्री मात्र आयुष्यभर टिकली, आणि अंडरवुडने पुढे बोवीच्या अल्बमच्या वेष्टनांसाठी कामही केले. पैजेचा निकाल आपसांत लावावा.

प्रश्न : ‘स्टारमन’च्या दूरचित्रवाणीवरील सादरीकरणाविषयी जुने ब्रिटिश चाहते असे बोलतात, जणू त्या दिवशी जग बदलले. मी ते चित्रीकरण पाहिले, गाणे आवडलेही. पण एवढे काय होते त्यात? आणि ज्या झिगी या पात्राने त्याला मोठे केले, त्याला त्याने वर्षभरात का संपवले?
— उशिरा जन्मलेला चाहता

उत्तर : ६ जुलै १९७२ रोजी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ते गाणे दाखवले गेले. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीच्या मोजक्या वाहिन्या होत्या आणि तरुण मुले हा कार्यक्रम आईवडिलांच्या शेजारी बसूनच पाहत असत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. त्या पडद्यावर एक किडकिडीत तरुण निळी गिटार घेऊन, रंगीबेरंगी चुस्त पोशाखात आला, एका ओळीवर त्याने कॅमेऱ्याकडे थेट बोट रोखले, आणि ध्रुपदाच्या वेळी मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. दोन पुरुषांमधील समलिंगी संबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने गुन्हा न राहून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती, आणि तेही काही अटींवर. आपण जगाहून वेगळे आहोत असे मनोमन वाटणाऱ्या मुलामुलींना ते रोखलेले बोट आपल्याकडेच आहे असे वाटले. पुढे स्वतः संगीतकार झालेल्या अनेकांनी त्या संध्याकाळचा उल्लेख आपली सुरुवात म्हणून केला आहे.

पण केवळ हातावर आणि पोशाखावर थांबू नये. ध्रुपदात ‘स्टारमन’ या शब्दावर चाल एक सप्तकभर उडी घेते. ती उडी नसती तर त्या रोखलेल्या बोटाचा निम्मा परिणाम उणावला असता, असे मला वाटते.

झिगीला संपवण्याबाबत : ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये, हा आपला शेवटचा कार्यक्रम आहे, असे बोवीने रंगमंचावरूनच जाहीर केले. बासवादक ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवादक वुडी वुडमन्सी यांना ते श्रोत्यांबरोबरच कळले. चाहत्यांना हा क्षण फार नाट्यमय वाटतो. मला त्यात थोडा निष्ठुरपणाही दिसतो. झिगी हे पात्र बोवीने माइमचे, म्हणजे मूकाभिनयाचे, शिक्षण घेतलेल्या नटाच्या हिशेबाने उभे केले होते आणि त्या पात्राचा शेवट अल्बमच्या पूर्ण नावातच (‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट...’, म्हणजे उदय आणि अस्त) लिहिलेला होता. शिवाय पात्र आणि माणूस यांतील सीमारेषा पुसट होऊ लागल्याचे त्याने नंतर स्वतः सांगितले आहे. तो आणखी पाच वर्षे झिगीच राहिला असता, तर आज आपण या स्तंभात त्याच्याविषयी बोलत नसतो.

प्रश्न : बोवीच्या गाण्यांचे अर्थ लावण्यात आम्ही दोघे मित्र तासन्‌तास घालवतो, आणि शेवटी भांडतो. त्याच्या शब्दांना नेमका अर्थ असतो, की तो आपल्याला झुलवतो?
— दोन भांडकुदळ मित्र

उत्तर : दोन्ही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने लेखक विल्यम बरोज यांच्याकडून उचललेली एक रीत वापरली : लिहिलेल्या मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या, त्या विस्कटायच्या आणि जे शेजारी येईल त्यातून ओळ घडते का ते पाहायचे. १९७४ मध्ये चित्रित झालेल्या बीबीसीच्या एका माहितीपटात तो हे करताना दिसतो. १९९० च्या दशकात याच कामासाठी त्याने संगणकावर चालणारी प्रणालीही करवून घेतली. म्हणजे काही ओळी नशिबाने जुळल्या आहेत आणि त्यांचा अर्थ खणून काढण्यात हशील नाही. मात्र कोणती ओळ ठेवायची आणि कोणती फेकायची, हे कात्री ठरवत नव्हती. १९६९ च्या ‘स्पेस ऑडिटी’तील अंतराळवीर मेजर टॉम १९८० च्या ‘ॲशेस टू ॲशेस’मध्ये परत येतो तो व्यसनाधीन होऊन, असे अकरा वर्षांचे अंतर राखून केलेले दुवे योगायोगाने येत नाहीत. आपले भांडण चालू राहू द्यावे.

पत्र : प्रश्न काहीच नाही. मी रात्रपाळी करते. पहाटेच्या वेळी, जेव्हा थकवा असतो पण झोप नसते, तेव्हा ‘लो’ या अल्बमची दुसरी बाजू ऐकते. ‘वार्शावा’मध्ये तो ज्या भाषेत गातो ती कोणतीच भाषा नाही, असे मला नंतर कळले, त्याआधी मला ती समजते असेच वाटत होते.
— रात्रपाळीची श्रोती

उत्तर : याला उत्तराची गरज नाही, फक्त दोन गोष्टी कळवतो. ‘वार्शावा’चे बरेचसे संगीत ब्रायन ईनोने बांधले, आणि त्यातील गायनामागे बोवीने ऐकलेल्या पोलंडच्या लोकगीत-समूहाच्या ध्वनिमुद्रिकेची आठवण आहे. तसेच अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी १९९२ मध्ये ‘लो’मधील कल्पनांवर एक संपूर्ण सिंफनी रचली आहे, तिची सुरुवात आपल्या पहाटेला नक्की मानवेल.

प्रश्न : ‘हिरोज’ हे माझ्या लेखी जगातील सर्वोत्तम गाणे आहे. त्यात बोवी सुरुवातीला कानाशी येऊन बोलतो आणि शेवटी दूरवरच्या डोंगरावरून ओरडल्यासारखा गातो. हे कसे साधले? मी घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करतो, म्हणून विशेष उत्सुकता आहे.
— हौशी ध्वनिमुद्रक

उत्तर : असा प्रश्न आला की स्तंभलेखकाचा दिवस सार्थकी लागतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. १९७६ मध्ये बोवी अमेरिकेतील व्यसनाच्या विळख्यातून सुटण्यासाठी युरोपात आला आणि मित्र व गायक इगी पॉपसह पश्चिम बर्लिनच्या शोनेबेर्ग भागात, हाउप्टश्ट्रासे १५५ येथे राहू लागला. बर्लिनचे म्हणून ओळखले जाणारे तीन अल्बम आहेत, पण ‘लो’चा मोठा भाग फ्रान्समध्ये आणि ‘लॉजर’ स्वित्झर्लंड व न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. पूर्णपणे बर्लिनमध्ये झालेला अल्बम १९७७ चा ‘हिरोज’ हाच. जेथे तो झाला तो हान्सा स्टुडिओ बर्लिनच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होता.

प्रथम गिटार. रॉबर्ट फ्रिप जे लांबलचक, घोंगावणारे सूर वाजवतो, ते फीडबॅकचे आहेत, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा गिटारच्या तारांना छेडतो. स्पीकरपासून किती अंतरावर उभे राहिले की कोणता स्वर धरला जातो, हे फ्रिपने शोधून काढले, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि चाल वाजवताना तो या खुणेवरून त्या खुणेवर सरकत राहिला. असे तीन वेळा वाजवून ते थर एकत्र केले गेले. गिटारचा तो सूर माणसाच्या आवाजासारखा वाटतो, याचे कारण हेही असावे की तो वाजवायला खरोखर चालावे लागले होते.

आता आवाज. हान्साचे दालन मूळचे मैफलींसाठी बांधलेले, प्रशस्त आणि घुमणारे होते. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने त्यात तीन मायक्रोफोन उभे केले : एक बोवीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, दुसरा सुमारे ६ मीटरवर आणि तिसरा सुमारे १५ मीटरवर. दूरच्या दोन मायक्रोफोनना त्याने गेट लावले. गेट म्हणजे असे उपकरण की आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच ते मार्ग उघडते, नाहीतर बंद ठेवते. बोवी हळू आवाजात गात होता तोवर फक्त जवळचा मायक्रोफोन ऐकत होता. त्याने आवाज वाढवला तसा दुसरा उघडला. आणि तो कंठ फोडून गाऊ लागला तेव्हा तिसरा उघडला व सगळे दालन गाण्यात आले. आपल्याला जो डोंगर ऐकू येतो, तो त्या दालनातील हवेचा घुमारा आहे. यातली खुबी अशी की दूर जाण्यासाठी गायकाला जोर लावावाच लागतो. नंतर यंत्राने घुमारा चढवला असता तर ती धडपड आवाजात आली नसती. घरी तीन मायक्रोफोन आणि १५ मीटर जागा नसेल, तर शेजारच्या खोलीत दार उघडे ठेवून एक मायक्रोफोन लावून पाहावा.

शब्दांची हकीकतही सर्वश्रुत आहे, तरी नव्या वाचकांसाठी : बोवीने एकांतात शब्द लिहायला सर्वांना बाहेर पाठवले आणि खिडकीतून त्याला भिंतीजवळ चुंबन घेणारे जोडपे दिसले. तो व्हिस्कॉन्टीच होता, सोबत गायिका आंटोनिया मास होती. व्हिस्कॉन्टी तेव्हा विवाहित असल्याने बोवीने ते जोडपे कोण, हे बरीच वर्षे गुपित ठेवले. आपल्या ‘सर्वोत्तम’ गाण्याला १९७७ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत २४ वे स्थान मिळाले होते, हेही नोंदवून ठेवतो.

प्रश्न : मी त्याचा चाहता आहे, पण १९७६ मधील त्याची फॅसिझमविषयीची विधाने वाचून हादरलो. चाहत्यांनी याकडे काणाडोळा करावा का?
— अस्वस्थ श्रोता

उत्तर : करू नये. ब्रिटनला फॅसिस्ट नेत्याचा फायदाच होईल, अशा आशयाचे विधान त्याने त्या वर्षी केले होते. तेव्हा तो ‘थिन व्हाइट ड्यूक’ या पात्राच्या रूपात वावरत होता आणि कोकेनच्या पूर्ण आहारी गेला होता. ‘स्टेशन टू स्टेशन’ ध्वनिमुद्रित केल्याचे आपल्याला फारसे आठवतही नाही, असे त्याने नंतर सांगितले. यातून कारण कळते, समर्थन होत नाही. ब्रिटनमध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ त्याच वर्षी उभी राहिली. तिला मुख्यतः गिटारवादक एरिक क्लॅप्टनची वर्णद्वेषी वक्तव्ये कारण झाली, तरी बोवीचे नावही त्या संदर्भात घेतले गेले, आणि ते योग्यच होते. पुढे त्याने आपल्या बोलण्याविषयी खेद व्यक्त केला. १९८३ मध्ये एमटीव्हीवरील मुलाखतीत, तुमच्या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का दिसतात, असा प्रश्न त्याने मुलाखतकारालाच विचारला आणि उडवाउडवीची उत्तरे मान्य केली नाहीत. एका प्रसंगाने दुसरा पुसला जात नाही. चाहत्याने दोन्ही लक्षात ठेवावेत.

प्रश्न : ‘लेट्स डान्स’ मला मनापासून आवडते, पण जाणकार चाहते नाक मुरडतात. मी काय चुकतो?
— नाचणारा वाचक

उत्तर : काहीच नाही. नाइल रॉजर्सने सांगितलेली आठवण अशी आहे की, बोवीने त्याला लाल पोशाखातील रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड लाल मोटारीत बसत असल्याचे छायाचित्र दाखवले आणि अल्बम असा वाटला पाहिजे, एवढेच म्हटले. शीर्षकगीत बोवीने बारा तारांच्या गिटारवर लोकगीताच्या धाटणीने ऐकवले होते. त्यातून नाचाचे गाणे काढणे ही रॉजर्सची कामगिरी. त्यावर स्टीव्ही रे वॉन या टेक्सासच्या ब्लूज गिटारवादकाला आणून बसवणे, ही मात्र अस्सल बोवीची खोड आहे. सगळा अल्बम सुमारे तीन आठवड्यांच्या आतच हातावेगळा झाला आणि त्याच्या कारकिर्दीतील सर्वाधिक खपाचा ठरला. नाक मुरडायचेच असेल, तर त्यानंतरच्या १९८४ आणि १९८७ च्या अल्बमवर मुरडावे. तेथे बोवी यशाची नक्कल करत होता, आणि तो ज्यात कच्चा होता अशी गोष्ट बहुधा ती एकच.

प्रश्न : वय १६. कुठून सुरुवात करू?
— नवी श्रोती

उत्तर : निवडक गाण्यांच्या संग्रहापासून नको, त्यात एकामागून एक वेश दिसतात, माणूस दिसत नाही. १९७१ चा ‘हंकी डोरी’ सलग ऐका. तो आवडला की थेट ‘लो’ ऐका, जो बहुधा पहिल्यांदा आवडणार नाही. हे दोन्ही एकाच गायकाचे कसे, असा प्रश्न पडला की पुढची वाट तुमची तुम्हाला सापडेल.

प्रश्न : ‘ब्लॅकस्टार’ माझ्याकडे २०१६ पासून आहे, पण मी तो एकदाच ऐकू शकलो. ८ जानेवारीला, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी, अल्बम आला आणि १० जानेवारीला तो गेला. त्या दोन दिवसांत मी ऐकला तो अल्बम आणि नंतरचा अल्बम वेगळाच झाला. तो मृत्युपत्रासारखा वाटतो. आपण कसा ऐकता?
— जुना चाहता

उत्तर : आपली अवस्था अनेकांची आहे. तरी माझी विनंती आहे की, तो एकदा निव्वळ बँडसाठी ऐकावा. न्यूयॉर्कच्या एका छोट्या जॅझ क्लबमध्ये बोवीने २०१४ मध्ये डॉनी मॅकॅस्लिनचा संच ऐकला आणि पुढच्या वर्षी त्यांनाच घेऊन हा अल्बम केला. आजारपणाविषयी बाहेर कोणाला सुगावा नव्हता. आत मार्क गिलियाना ज्या चपळाईने ड्रम वाजवतो आणि मॅकॅस्लिनचा सॅक्सोफोन ज्या मस्तीने अंगावर येतो, त्यात मरणाची छाया शोधावीच लागते. बोवी स्वतःही लहानपणी सॅक्सोफोन शिकला होता, हेही आठवावे. व्हिस्कॉन्टीच्या सांगण्यानुसार, मृत्यूच्या सुमारे आठवडाभर आधी बोवीने त्याला फोन करून आणखी एक अल्बम करण्याची इच्छा बोलून दाखवली होती आणि पाच नव्या गाण्यांचे कच्चे ध्वनिमुद्रणही केले होते. मृत्युपत्र लिहिणारा माणूस पुढच्या कामाची आखणी करत नाही.

निरोप म्हणायचाच असेल, तर तो शेवटच्या गाण्यात आहे. त्याच्या आरंभी जो हार्मोनिका ऐकू येतो, तो ‘लो’मधील ‘अ न्यू करिअर इन अ न्यू टाउन’ या तुकड्याचा आहे. शेवटच्या गाण्यात त्याने आठवला तो नव्या गावातील नव्या कामाचा सूर. आणि आपल्याकडे काळ्या वेष्टनातील मोठी तबकडी असेल, तर ते वेष्टन उघडून उन्हात धरावे : काळ्या कागदावर तारकांचा पट्टा उमटतो. अल्बम आल्यावर काही महिने हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. ते शोधून काढले चाहत्यांनी.

प्रश्न : लंडनला जाण्याचा योग आहे. चाहत्याने काय पाहावे?
— प्रवासाच्या तयारीत

उत्तर : ब्रिक्स्टन भुयारी स्थानकासमोर ‘अलॅडिन सेन’च्या चेहऱ्याचे भित्तिचित्र आहे, २०१६ मध्ये निधनाची बातमी आल्यावर लोक तेथेच जमून गायले होते. झिगीच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र ज्या हेडन स्ट्रीटवर काढले, तेथे स्मृतिफलक आहे, पण गल्ली इतकी बदलली आहे की पाच मिनिटे पुरतात. खरा वेळ राखून ठेवावा तो पूर्व लंडनमधील, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउससाठी. तेथे सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिड बोवी केंद्र सुरू झाले असून बोवीच्या संग्रहातील ८० हजारांहून अधिक वस्तू त्या संस्थेकडे आहेत. ‘स्पेस ऑडिटी’त वाजलेला स्टायलोफोन (छोटे इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि ईनोने ‘लो’ व ‘हिरोज’साठी वापरलेला सिंथेसायझर त्यांतच आहेत. सगळ्या वस्तू एका वेळी मांडलेल्या नसतात. एखादी विशिष्ट वस्तू जवळून पाहायची असेल, तर ती दाखवण्याची विनंती आगाऊ नोंदवावी लागते. ती निघण्यापूर्वीच नोंदवावी.